उशीचं घर

सचिव : सर, पहिल्या घराचा दिवा अजून लागत नाहीये. स्टेजवरच्या नकाशात जगभरातली घरं हिरवी झालीत, नेमकं तेवढंच काळं.

धाकटा : वीज गेली असेल तिथली.

सचिव : वीज आहे, चौकशी केली मी. सर, भाषणाची सुरुवातच तिथून आहे. 'हे माझ्या आईचं घर, इथे पहिली डबी लागली.' तुम्ही बोट करणार आणि लोकांना काळा ठिपका दिसणार?

ताई : नाही लागायचा तो दिवा. डबी माझ्या पिशवीत आहे.

धाकटा : ताई? तू कधी आलीस? आत कोणी सोडलं तुला?

ताई : मोठी बहीण आहे म्हटलं. दारावरच्या माणसाने माझं नाक पाहिलं, बाहेर लावलेल्या फोटोतलं तुझं पाहिलं, म्हणाला जा. ही घे. भिंतीचा पोपडा आलाय थोडा बरोबर.

धाकटा : आणि आई?

ताई : शेजारच्या काकू बसल्यात तिच्यापाशी. बरी आहे. अजून तरी.

धाकटा : अजून तरी म्हणजे काय? ताई, सरळ बोल गं. आठवडाभर विमानातच झोपतोय मी, डोकं चालत नाही माझं.

ताई : झोपतोयस ना? नशीबवान आहेस.

सचिव : मी बाहेर थांबू का?

ताई : थांबा हो इथेच. तुमच्याशी तर माझी रोजची ओळख, आवाजाची. मला सांगा, ही डबी काय करते म्हणून छापलंय तुम्ही?

सचिव : घरात एकटं वयस्क माणूस पडलं की ती ओळखते आणि मुलाबाळांना फोन लावते. आता कोणालाही उशाशी जागत बसायला नको.

ताई : आणि आज नवीन काय दाखवणार आहात?

सचिव : नवी डबी फसत नाही. भांडं पडलं, पुस्तक पडलं, उशी पडली, तर ती कोणाला उगाच त्रास देत नाही. नुसतं म्हणते, 'सगळं ठीक आहे.'

ताई : उशी. बघ, पत्रकातसुद्धा आली आपली उशी.

धाकटा : ताई, प्लीज.

ताई : तुला ठाऊक होतं ना, उशी पडल्याचे ते फोन कुठून येत होते?

धाकटा : होतं. सगळ्यात जास्त खोट्या हाका एकाच घरातून यायच्या. ऑफिसात पोरं त्याला 'उशीचं घर' म्हणायची. मीटिंगमध्ये हशा पिकायचा. मीही हसायचो. ते घर कोणाचं, हे काही मी बोललो नाही.

ताई : आणि तिथले आवाज देऊन टाकलेस त्या पोरांना. डबीला शिकवा म्हणालास.

धाकटा : मग काय करणार? मला वाटलं, वय झालंय, तिच्या हातून निसटत असेल.

ताई : निसटते? समोरच्या भिंतीपर्यंत?

धाकटा : म्हणजे ती मुद्दाम टाकायची?

ताई : पहिल्यांदा खरंच निसटली होती. तुझा फोन वाजला, तू मीटिंग टाकून धावत आलास. आलास तो तिच्या पलंगाशी जमिनीवरच बसलास. बूटही काढले नव्हतेस. आई तुला रागावली आणि मग जेवायला वाढ म्हणाली मला. त्या रात्री ती इतकी बोलली, इतकी बोलली, की मीच म्हटलं आता झोपा दोघं.

धाकटा : आठवतंय.

ताई : तिलाही आठवतंय. दुसऱ्याच आठवड्यात उशी पुन्हा खाली. मी म्हटलं, आई, हे काय? म्हणाली, तू उचलून दे गं नुसती, बाकीचं तुला काय करायचंय.

धाकटा : आणि तू उचलून द्यायचीस?

ताई : द्यायचे. पुन्हा टाकायला. मलाही बरं वाटायचं रे, तू आलास की. तेवढीच संध्याकाळ मला पाठ टेकता यायची.

धाकटा : पण मला फोन करायचा ना तिने! साधा फोन!

ताई : फोन केला की या उचलतात. 'सर मीटिंगमध्ये आहेत, निरोप देते.' उशी पडली की डबीचा फोन मात्र तू स्वतः उचलायचास.

सचिव : मी निरोप द्यायचे, सर. प्रत्येक वेळी.

धाकटा : हो. दिलेस तू. मीच रात्री बघू म्हणायचो.

ताई : मग तुझी माणसं घरी आली, ही नवी डबी बसवून गेली. आईने उशी टाकली. ही म्हणे, सगळं ठीक आहे. आईने दोन उशा बांधून टाकल्या. सगळं ठीक आहे. स्टूल ढकललं. तरी आपलं ठीकच. आई तिला शिव्या घालत बसली. मेले, तुला काय कळतंय ठीक न् बिठीक. मला हसू आवरेना.

धाकटा : बरोबर चाललीय मग डबी.

ताई : अगदी बरोबर. मग एके दिवशी स्वयंपाकघरातून येऊन बघते तर आई फरशीवर आडवी. म्हटलं, पडलीस? म्हणाली, नाही गं, झोपलेय. बघतेय ही डबी ऐकते का.

धाकटा : हळू आडवं झालं की ती आराम समजते.

ताई : हो ना. ते आईच्याही लक्षात आलं.

धाकटा : म्हणजे?

ताई : काल दुपारी माझा जरा डोळा लागला. जाग आली तर आई पलंगाजवळ उभी होती. काठी बाजूला ठेवलेली, दोन्ही हात सोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. मी धावत जाऊन कवेत धरली तिला. म्हटलं, काय करतेस हे? म्हणाली, 'हळू झोपलं तर डबीला पटत नाही. जरा जोरातच पडावं लागेल.'

धाकटा : आई गं...

ताई : मला सांग, मी कुठवर धरू? मी पण थकले रे. माझेही गुडघे बोलतात आता. ती खरीच पडली तर तुझी डबी वाजेल, तुला अगदी वेळेवर कळेल, आणि तू येशील. पण मोडलेल्या हाडांची आई भेटेल तुला. म्हणून उपटून आणली ती डबी. दुसरं काही सुचलं नाही मला.

सचिव : सर, बोलावतायत. टाळ्या सुरू झाल्यात.

धाकटा : आणखी किती घरांत अशा उशा पडत असतील?

सचिव : सर?

धाकटा : आपण सगळ्या खोट्या म्हणून काढून टाकल्या. त्यांना सांग, नवी डबी आज नाही. मी ती बाजारात आणत नाही.

सचिव : आणि भाषण? तुम्हाला मानपत्र देणार आहेत, सर. एवढे लोक आलेत. काय सांगू मी?

धाकटा : घरी गेलेत म्हणून सांग. रागावले तर रागावू देत. हा कॉलरचा माइक काढ आधी, मला जमत नाही. आणि माझा फोन कुठेय?

सचिव : माझ्याकडेच असतो ना, सर. हा घ्या.

धाकटा : ताई, घरचा नंबर तोच ना?

ताई : तोच. आपल्या लहानपणापासूनचा.

(पलीकडे बराच वेळ घंटा वाजते. ताई खुर्चीत बसते आणि डोळे मिटते.)

आई : हॅलो? कोण?

धाकटा : आई, मी बोलतोय.

आई : तू? स्वतः? अरे, काय झालं? कुठे पडलास की काय?