छापून घेतलेले 'नाही'

जबाब देणार : वय ५४ वर्षे, धंदा घरोघरी इंटरनेटची जोडणी देणे, पूर्वीचा धंदा छापखाना, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर. वस्तीत 'नेटवाले' म्हणून ओळखतात.

कोणी बोलावलेले नसताना आपण होऊन ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

माझ्याकडे दोनशे बारा घरांच्या जोडण्या आहेत. कंपनी म्हणजे मी, पत्रव्यवहार बघणारी माझी पत्नी आणि तारा ओढणारा तिचा भाऊ. प्रत्येक ग्राहकाकडून चौदा पानी करारावर सही घेतली जाते. हा करार मी एका बड्या कंपनीच्या करारावरून जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे त्यात समुद्राखालची केबल तुटल्यास काय, याचे कलम आहे. परदेशातील शाखांचेही आहे. आमची शाखा म्हणजे मेहुण्याची शिडी. करार मी स्वतः कधी पूर्ण वाचलेला नव्हता.

करारातील रकाना नऊ असा : 'घरात इंटरनेटवर चालणारे, आजारी माणसाच्या मदतीचे यंत्र आहे काय? होय / नाही.' होय असल्यास जोडणी बंद करण्याआधी एक दिवस कळवणे आमच्यावर बंधनकारक आहे. दारात उभ्याउभ्या सही घेताना लोक इथेच अडायचे. "कसलं यंत्र हो? मिक्सर धरायचा का त्यात?" असे विचारायचे. मेहुण्याचा वेळ जायचा. म्हणून मी 'नाही'वरची खूण छापूनच घेतली. युक्ती माझी होती. मेहुण्याचा त्यात दोष नाही.

मयत बाईंचे पती, वय ७६, माझ्या छापखान्यात एकोणीस वर्षे प्रुफे तपासायला होते. त्यांना सगळे प्रूफमास्तर म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जोडणी घेतली. दारात सही करायला त्यांनी नकार दिला. करार तीन दिवस ठेवून घेतला आणि मग परत पाठवला. सर्व पानांवर लाल शाई होती. मेहुणा म्हणाला, "दाजी, मास्तरांनी परीक्षेचा पेपर समजून तपासलाय. नापास झालात." आम्ही हसलो. मी शेवटचे पान उलटून सही तेवढी पाहिली व कागद ड्रॉवरमध्ये टाकला. संगणकात नोंद करताना रकाना नऊमध्ये सगळ्यांचे करतो तसे 'नाही' केले.

ग्राहकाला त्याची प्रत आठ दिवसांत मिळेल, असे करारात आहे. आजवर कोणालाही दिलेली नाही. मास्तरांनी दोनदा मागितली. मी म्हणालो, "मास्तर, निवृत्त झालात ना? आता सोडा की." त्यानंतर त्यांनी मागितली नाही.

चालू महिन्याच्या चार तारखेस सकाळी सव्वादहा वाजता खांबावरील जुनी पेटी बदलण्यासाठी त्यांच्या गल्लीची जोडणी बंद केली. मी सांगितले म्हणून मेहुण्याने केली. संगणकात गल्लीभर 'नाही' असल्याने कोणाला कळवले नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी जोडणी सुरू झाली. मास्तर रोज दहा ते बारा वाचनालयात असतात. बाई घरी एकट्या होत्या. त्यांच्या गळ्यात मदतीचे बटण होते. ते दाबले की इंटरनेटवरून मदत केंद्राला व मास्तरांच्या फोनला निरोप जातो. बाई न्हाणीघरात पडल्या. यंत्रातील नोंदीप्रमाणे दहा एक्केचाळीस ते अकरा वीस या वेळेत बटण नऊ वेळा दाबले गेले. निरोप बारा वाजून सहा मिनिटांनी पोचला. मास्तर तेव्हा स्वतःच्या जिन्यात होते. पुढचे ठाण्यात नोंदलेले आहे. ते मी सांगत नाही.

त्यांच्या मुलीने लेखी खुलासा मागितला. नऊ तारखेस मी उत्तर दिले की, ग्राहकाने स्वतःच रकाना नऊमध्ये 'नाही' नमूद केल्याने कंपनी जबाबदार नाही. मसुदा माझा. लिहिताना ड्रॉवर उघडला नव्हता.

अकरा तारखेस मी त्यांच्याकडे भेटायला गेलो. मुलगी म्हणाली, "पत्र पोचलं. आता आणखी काय राहिलं?" मग आत वळून वडिलांना म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांचे स्वल्पविराम शोधलेत. आणि आईच्या वेळी न वाचता सही केलीत?" मास्तर म्हणाले, "मी बदललं होतं असं वाटतंय गं. पण ते 'नाही' म्हणतायत. आता माझाच मला भरवसा नाही." त्यांचा चष्मा समोर डबीत बंद होता. पाच-सहा मिनिटे बसून निघालो.

दुकानात येऊन ड्रॉवर उघडला. तिसऱ्या पानावर छापील खूण लाल शाईने खोडलेली आहे. 'होय'वर नवी खूण आहे. समासात लिहिले आहे : 'पत्नीच्या गळ्यात बटण आहे. बंद करण्याआधी सांगावे, म्हणजे मी घरी थांबेन.' खाली फोन नंबर व सही. त्यानंतर मी चौदाही पाने वाचली. समुद्राच्या कलमापाशी त्यांनी लिहिले आहे : 'आपल्याकडे समुद्र कुठून आला? कृपया वाचून छापावे.'

पत्नी म्हणाली, "तो कागद आपल्याशिवाय कुणी पाहिलाय? कुलूप लावा आणि गप्प बसा." हा विचार दोन दिवस माझ्याही डोक्यात होता. तसे लिहून घ्यावे.

हा कागद तुमच्याच विरुद्ध जातो हे कळते का, असे साहेबांनी विचारले. कळते.

मूळ करार सोबत हजर केला आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. तिच्या आधी, आजच, या कराराची एक प्रत मास्तरांच्या हातात मुलीसमोर द्यावी, एवढी विनंती आहे. त्यांची प्रत दोन वर्षे राहिली आहे.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. नंतर तो मागून घेऊन मी स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला. एके ठिकाणी 'ग्राहकाने नाही असे कळवले' असे लिहिले गेले होते. ते खोडून 'मी नाही असे छापले' केले व शेजारी सही केली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.