समुद्रावर सापडलेला धूर

घाबरणं काय असतं, ते मला विचारा! जानेवारीत संशोधनाच्या जहाजावर महिनाभर अरबी समुद्रात होते मी. काम सोपं होतं. पंप हवा ओढतो, हवेतले कण फिल्टरवर बसतात, ते फिल्टर गोठवून इथं संभाजीनगरला आणायचे. नियम एकच, वारा जहाजाच्या धुराड्याकडून आला की पंप बंद करायचा, नाहीतर जहाजाचाच धूर फिल्टरवर बसतो. एका सकाळी मी उलट्या करत पडले होते. पंप बंद केला की नाही, काही केल्या आठवेना.

दोन महिन्यांनी गाईड मॅडमनी बोलावलं. "त्या दिवसाच्या फिल्टरवर धूर सापडलाय."

पीएचडी गेली, असंच वाटलं. "मॅडम, जहाजाचा?"

"डिझेलचा नाही. काड्या, लाकडं जळाली की एक साखर तयार होते, ती आहे. वारा जमिनीवरून, आपल्याच भागाकडून येत होता. तुमच्याकडं तेव्हा काय जाळतात?"

माझ्या जिवात जीव आला. बाहेर येऊन गावी पिशोरला वडलांना फोन लावला. "अण्णा, जानेवारीत आपण पऱ्हाटी पेटवली होती का?" कापूस निघाला की त्याची वाळलेली झाडं रानातच पेटवतात. बंदी आहे, तलाठी दंड करतो, तरी सगळेच पेटवतात.

अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "कोण इचारतंय?"

"कुणी नाही. तसला धूर पार समुद्रात सापडलाय."

अण्णा म्हणाले, "तलाठी आता समुद्रावर बी जातो व्हय?"