एका मँडोलिनवर दोघं

नेपल्समधल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आपली पाळी येईपर्यंत इमाकोलाता शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकत होती.

“बाबा, उजवा हात उचलत नाही तुमचा. दुरुस्त करून काय भिंतीला टांगणार?”

“डावा चालतोय ना? तारा मी दाबतो, तू छेड.”

“मला कुठं येतंय?”

“शिकशील.”

“ओरडणार नाही ना?”

“ओरडेन की!”

कारागिरानं मँडोलिन आणून दिलं.

“पाठीच्या उकललेल्या लाकडी पट्ट्या चिकटवल्यात. पाठ गोल आहे, मांडीवरून घसरेल, जपून.”

“रोझाल्बा, सरक इकडे. अजून जवळ. हं, छेड.”

सूर फाटका निघाला.

“कुणाचं चुकलं, बाबा?”

“माझं. परत छेड.”

कारागिरानं इमाकोलाताला हाक मारली.

“थांबा हो,” ती म्हणाली, “त्यांचं होऊ दे.”