मी फक्त 'समजा' म्हटलं होतं

...अहो, माझंच चुकलं! लिहून देते हवं तर! पण तुम्हाला सांगते, मी फक्त 'समजा' म्हटलं होतं हो! दवाखान्यातली नर्स मी, वरून हुकूम आला, साथ आली तर काय करायचं याचा वस्तीत सराव घ्या. घेतला! खुर्च्या मीच मांडल्या, भोंगा मीच धरला आणि म्हटलं, 'समजा, टाकीच्या पाण्यातून साथ पसरलीय...' झालं! 'समजा' तेवढं कोणाच्या कानात शिरलं नाही, बाकीचं सगळं शिरलं! शिंपीकाका मशीन तसंच टाकून पळाले, शाळा सुटली, अन् तळमजल्यावरच्या आजी नवे कपडे घालून आडव्याच झाल्या, 'आता मला उठवू नका!'

दोन दिवस दारोदार फिरले. 'आजी, उठा, मी फक्त समजा म्हटलं होतं!' 'मग तसं आधी सांगायचं नाही का गं?' सांगितलंच होतं की! घसा बसला माझा... पण शेवटी पटलं हो लोकांना. इतकं पटलं, इतकं पटलं, की काय सांगू!

कारण गुरुवारी तपासणीचा कागद आला. टाकीचं पाणी खरंच खराब! मी भोंगा घेऊन धावतेय, 'पाणी उकळून प्या हो!' आणि शिंपीकाका हसतायत! 'कळलं, कळलं! समजा पाणी खराब आहे, हो ना?' 'समजा नाही काका, आहे!' 'वा! या खेपेला रडताय पण छान!' अहो, खरंच रडत होते मी! घरी आले तर सासरे, म्हणजे वस्तीच्या समितीचे अध्यक्ष, माझ्या डोळ्यांदेखत पेलाभर पाणी गटागटा प्यायले. 'मामंजी, नका!' तर म्हणे, 'सूनबाई, लोकांना धीर द्यायला कोणीतरी प्यायला नको का?'

आता एकेका खाटेवर दोघं दोघं झोपवलेत. जुलाबांनी माणसं अर्धी झाली. बाकीचे निभावतील हो, पण मामंजींचं वय अठ्ठ्याहत्तर, नाडी लागता लागत नाही, अन् मला भीती वाटते, फार भीती वाटते... मी फक्त 'समजा' म्हटलं होतं!

आज दुपारी त्यांना तिसरी सलाईन लावत होते. सुई धड बसत नाहीये. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, शेजारी पडलेल्या शिंपीकाकांना क्षीण आवाजात म्हणाले, 'बघा, सराव असावा तर असा! पोरीनं काही म्हणून कमी ठेवलं नाही!'

मी म्हटलं, 'हो मामंजी. हात हलवू नका.'