अज्ञात कारागिराच्या फळीला रंग लावल्याबाबत

नाव: फुआतिनो लेआउपेपे. वडिलांचे नाव: पेसामिनो लेआउपेपे (मयत). वय: ६२ वर्षे. धंदा: पूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, आता घरीच. राहणार: मांगेरे, ऑकलंड. मूळ गाव सवाई बेट, सामोआ.

मी आज शनिवारी दुपारी ठाण्यात समक्ष हजर असून, कॉन्स्टेबल ताविता यांनी विचारल्यावरून सांगते की,

मी आमच्या चर्चच्या मुलांच्या वर्गाला मदत करते. आज सकाळी सव्वानऊला वर्गाच्या बाई, मी आणि चौदा मुले बसने शहरातल्या आर्ट गॅलरीत गेलो. मुलांत माझी नात सेलेमा, वय नऊ, होती. डबे दाराबाहेर ठेवायला लावले, त्यात तारो, म्हणजे अळूचा उकडलेला कंद, होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कार्यक्रम ठसेकामाचा होता. शिकवायला ब्रायोनी नावाची मुलगी होती, पंचविशीची, हातात पांढरे मोजे. आमच्याकडे झाडाच्या सालीच्या कापडावर, म्हणजे सियापोवर, नक्षी उठवायला लाकडाची कोरीव फळी लागते, तिला उपेती म्हणतात. फळीला रंग लावायचा, वर कापड ताणायचे आणि घासायचे. हे ती आमच्याच मुलांना समजावून सांगत होती. मुलांना प्लॅस्टिकच्या फळ्या आणि कागद दिले होते. खरी फळी एक, वेगळ्या टेबलावर. तिच्यापुढे कार्ड होते: "उपेती. सामोआ. कारागीर अज्ञात. हात लावू नये." कार्ड मी वाचले होते. वाचता येत नाही असे माझे म्हणणे नाही.

त्या फळीच्या खालच्या ओळीत डावीकडून चौथ्या पानाला टोक नाही. माझे वडील ती कोरत होते तेव्हा मी चार वर्षांची होते. मी त्यांच्या हाताला लोंबकळले आणि पटाशी सटकली. त्यांनी मला एक ठेवून दिली आणि काम पुढे चालू केले. नंतर आई प्रत्येक कापडावर ते टोक हाताने रंगवून पुरे करायची.

मी सहा वर्षांची असताना आमच्या घरी एक गोरा पाहुणा नऊ दिवस राहिला. चांगली चटई त्याला, चांगला घास त्याला. जाताना त्याने चित्र काढून घ्यायला फळी मागितली, रविवारी परत देतो म्हणाला. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. फळी मीच दोन्ही हातांनी उचलून बसपर्यंत नेऊन दिली. त्याने मला गोळी दिली. ती मी खाल्ली.

वडिलांनी दुसरी फळी कोरली नाही. आई मागे लागली की म्हणायचे, "आहे ती येईल की परत. दोन-दोन कशाला?" आई गेली तेव्हा शेवटचे कापड आम्ही तिच्याबरोबर शवपेटीत ठेवले. त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नाही.

सुमारे साडेदहाला मुलांचे ठसे नीट उठेनात, कारण प्लॅस्टिकवर रंग ठरत नाही. ब्रायोनी मला म्हणाली, "मावशी, तुम्हीच दाखवा ना एकदा!" मी खऱ्या फळीकडे गेले. ते तुटके पान बघून माझी खात्री झाली होती, पण डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. उपेती ओळखायची ती ठशावरून, हे लहानपणापासून अंगात भिनलेले. मी ब्रशने रंग लावला, कागद टाकला आणि घासला. ठसा स्वच्छ उठला.

सेलेमा म्हणाली, "आजी, ह्या पानाचं टोक तुटलंय."

मी म्हटले, "माझ्यामुळे तुटलंय ते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ब्रायोनीनेही वाजवल्या, ती मोबाईलवर चित्रण करत होती. मग व्यवस्थापक पळत आले.

"बाई, काय केलंत हे! शंभर वर्षांची वस्तू आहे!"

"मी बासष्टची आहे. ही कोरताना मी तिथे होते."

"पुरावा काय?"

मी ठसा पुढे केला. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलिसांसाठी ठेवला. ब्रायोनी त्यांना म्हणाली, "मी फक्त प्लॅस्टिकवर दाखवा असं म्हटलं होतं." ती तसे म्हणाली नव्हती. पण तिची नोकरी आहे, मी समजू शकते. समजते म्हणून माफ केले असे नाही.

मुलांना बाहेर काढले. त्यांचे ओले ठसे आतच राहिले. सेलेमा रडत माझा हात ओढू लागली, "आजी, सॉरी म्हणून टाक ना. मग आमची चित्रं देतील."

वडिलांच्या फळीला हात लावल्याबद्दल मी चौदा मुलांदेखत सॉरी म्हटले. चित्रे दिली नाहीत.

व्यवस्थापक म्हणतात की रंग औषधाने धुऊन काढतील आणि त्याबरोबर आतला जुना रंगही जाईल, हे नुकसान माझ्यामुळे झाले. आतला जुना रंग माझ्या आईने लावलेला आहे. तो धुऊ नये एवढीच माझी विनंती आहे. फळी परत मागायला कोणता कागद भरायचा ते मी ताविताला विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आज मी फक्त त्यांची तक्रार घेऊ शकतो." तोही आमच्यातलाच पोरगा आहे.

ताविताने हा जबाब मला आधी इंग्रजीत आणि मग आमच्या भाषेत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे, एक गोष्ट सोडून. गॅलरीला छप्पन्न वर्षांत जे नाव कळले नाही, ते पोलिसांनी पहिल्या ओळीतच विचारले. त्या नावापुढे धंदा लिहायचा राहिला आहे. तो माझ्या सहीच्या आधी लिहून घ्यावा: उपेती कोरणे.