तुरटीचा खडा

(कोल्हापुरातलं बाबालालचं सलून, मागं राहतं घर. साल १९७४ची एक दुपार. खुर्ची रिकामी आहे.)

बाबालाल : अवो चिमणावैनी, हितं पुरुषमाणसं येत्यात. तुमी बाहेर थांबा, मी येतो की बाहेर!

चिमणाबाई : न्हाय थांबत! आदी तो ट्रान्झिस्टर बंद करा. आमच्या मालकांचं तोंड सुजून भोपळा झालंय, आन् तुमी गाणी ऐकत बसलाय व्हय?

बाबालाल : कृष्णातचं? अवो, शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर भट्टीफुडं उभा असतोय त्यो. उष्णता बाधली असंल. त्यात माझा काय गुन्हा?

चिमणाबाई : उष्णतेनं दाढीत पू होतोय व्हय? डॉक्टरनं बघितलंय. दाढी कुठं करता, हेच इचारलं पयल्यांदा. ह्यांनी तुमचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाला, तिथनंच आणलंय.

बाबालाल : डॉक्टरला काय जातंय बोलायला! हे बघा, स्टोव्हवर पाणी उकळतंय का न्हाय? दर गिऱ्हाइकाला वस्तरा त्यात बुडवतो मी. साऱ्या पेठेत असा साफ वस्तरा दावा, मिशी उतरून देतो!

चिमणाबाई : वस्तऱ्याचं ऱ्हाऊ दे. दाढी झाल्यावर गालावर काय फिरवता?

बाबालाल : तुरटी. रगात थांबतंय, आग थांबती. सगळेच फिरवत्यात.

चिमणाबाई : एकच खडा? सगळ्यांच्या तोंडावरनं?

बाबालाल : तुरटी म्हंजे औषध, वैनी. गढूळ पाणीसुदीक निवळतंय तिनं. ती काय घाण धरती व्हय?

चिमणाबाई : त्या लालासाबच्या गालावर फोड व्हते का न्हाय? ह्यांच्या आदी त्योच बसलावता खुर्चीत. त्याच्या फुटलेल्या फोडावर फिरवलेला खडा तुमी तसाच उचलला आन् ह्यांच्या कापलेल्या हनुवटीवर घासला.

बाबालाल : तसाच न्हाय, पाण्यात बुडवून घासला.

चिमणाबाई : मग घ्या की! हाच ना त्यो खडा? बुडवा पाण्यात आन् फिरवा सोताच्या गालावर. माझ्यासमोर फिरवा!

बाबालाल : आता हे काय भलतंच! माझी दाढी सकाळीच झालीया.

चिमणाबाई : न्हाय न्हाय, हात का मागं घेतला? घ्या की!

नजीरा : मी सांगते, वैनी.

बाबालाल : नजीरा, तू घरात जा. बायकोनं दुकानात यायचं न्हाई, कितींदा सांगितलंय?

नजीरा : न्हाई जात. आत सगळं ऐकू येतंय मला. वैनी, ह्यांची तुरटी घरात असती, फळीवर, वेगळ्या डबीत. गेल्या ईदला माझ्या भावानं, रफिकनं, ती लावली, तर केवढं ओरडलं हे! उचलून गटारात टाकली आन् नवी आणली.

बाबालाल : तोंड बंद कर!

नजीरा : का म्हणून? तुमच्या तोंडाला दुसऱ्याची चालत न्हाई, मग लोकांच्या तोंडाला कशी चालती? तोबा तोबा!

चिमणाबाई : म्हंजे ठावं व्हतं! ठावं असून सगळ्या गल्लीला फासत व्हता! अरं, माणूस हाईस का कोण?

बाबालाल : असं न्हवं, वैनी. आमच्या बापानं सांगितलं व्हतं, आपली तुरटी वेगळी ठेवायची. का, ते त्यानं सांगितलं न्हाई आन् मीबी इचारलं न्हाई. दुकानात चालत आलंय तसं चाललं. बरं, चुकलं माझं. हा खडा फेकून देतो. आजपासनं दर माणसाला नवा तुकडा. कृष्णातचं औषधपाणी मी बघतो. पर आवाज जरा कमी करा, रस्त्यावर ऐकू जातंय.

चिमणाबाई : औषध हाय आमच्याकडं. त्याच्यासाठी न्हाय आले मी. भावकीनं काय केलंय ठावं हाय का? महारोग म्हणत्यात ह्यास्नी! सख्ख्या भावानं ताट वेगळं केलंय. अंथरूण गोठ्यात टाकलंय. जाऊ पोरास्नी सांगती, थोरल्या काकाजवळ जाऊ नका. दिवस मावळला की म्हशीजवळ बसून रडत्यात ते, बाबालालभाऊ. एवढा धिप्पाड गडी, हुंदके देऊन रडतोय! बघवत न्हाय मला.

नजीरा : या अल्ला! पर डॉक्टरनं सांगितलं न्हाई व्हय घरात?

चिमणाबाई : सांगितलं की. म्हणत्यात, डॉक्टर मन राखायला बोलतोय. पर बाबालालभाऊंचं ऐकतील. आमच्या घरातलं एकूणएक डोकं ह्यांच्या हाताखालनं गेलंय. चला माझ्यासंगं आन् सांगा, हे माझ्या दुकानातनं लागलंय.

बाबालाल : मी? माझ्या तोंडानं? खुळ्या का काय तुमी! बोंब हुईल साऱ्या पेठेत. बाप गेल्यापासनं हे दुकान मी कसं उभं केलंय, माझं मला ठावं. उद्यापासनं माझ्या खुर्चीत कोण बसंल?

चिमणाबाई : आज त्यांच्या शेजारी कोण बसत न्हाय.

नजीरा : अजी, जा की वैनीसंगं.

बाबालाल : माझी टोपी दे, नजीरा.

चिमणाबाई : आन् मोठ्यानं बोला तितं. माझी जाऊ आतल्या घरात असती.