भिकार पेनड्राइव्ह

(बसमध्ये बसवायची कॅमेऱ्याची यंत्रं बनवणारा छोटा कारखाना. दुरुस्तीच्या टेबलावर एक यंत्र उघडं पडलंय, त्याला पेनड्राइव्ह खोचलेला. दादा कारखान्याचा मुख्य इंजिनीअर, धाकटी त्याची सख्खी बहीण, इथेच कामाला.)

दादा : अगं, किती वेळा सांगू, पेनड्राइव्हच भिकार आहेत! पाळी संपली तरी ड्रायव्हर यंत्रापुढे ताटकळत बसतो, दिवसभराचं चित्रण उतरता उतरत नाही. ते काय माझ्या प्रोग्रॅममुळे?

धाकटी : भिकार आहेत, तर माझ्या लॅपटॉपवर कसे पळतात?

दादा : लॅपटॉपची गोष्ट वेगळी. आपल्या यंत्रातलं लिनक्स म्हणजे मूठभर जीव. एवढ्या फायली दाबून दाबून एका गाठोड्यात बांधायच्या, त्यातच दमतं बिचारं.

धाकटी : तेही बघितलं. दाबणं बंद केलं, नुसत्या बांधल्या. तरी तेवढाच वेळ. प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलाय. सगळं अडलंय ते पेनड्राइव्हवर लिहिताना.

दादा : बघ! मी काय म्हणत होतो?

धाकटी : ऐकून तर घे. यंत्र पेनड्राइव्ह जोडून घेतं ना, प्रोग्रॅमच्या त्या ओळीत एक शब्द जास्तीचा आहे. तो काढून...

दादा : सिंक काढू नकोस हं! लोक मध्येच उपटतात पेनड्राइव्ह. त्या प्रदर्शनात गिऱ्हाइकांसमोर सगळं चित्रण गेलं होतं, म्हणून तर मी...

धाकटी : मी शब्द कुठे सांगितला अजून?

दादा : तात्पुरता टाकला होता गं.

धाकटी : एक घास लिहायचा, तो पोचला का बघायचं, मगच दुसरा घास. हत्तीला चमच्याने भरवतोयस! आणि तुला ठाऊक होतं.

दादा : थोडं हळू होईल, एवढंच वाटलं होतं. मग डोक्यातून गेलं.

धाकटी : यंत्रं परत यायला लागली, तेव्हाही आठवलं नाही?

दादा : आठवलं. पण तोवर भागीदारांसमोर बोलून बसलो होतो, खरेदीच खराब आहे म्हणून.

धाकटी : खरेदी म्हणजे माझा नवरा. ह्यांनी कमिशन खाऊन फालतू माल आणला म्हणालास.

दादा : हळू बोल. बाहेर माणसं काम करतायत.

धाकटी : कामावरून काढलं त्या दिवशी गेटवर ह्यांची पिशवी उलटी केली, तेव्हाही करतच होती. जेवणाचा डबा गडगडत गेला, तो कुणी उचलूनसुद्धा दिला नाही. तूही नाहीस.

दादा : माझं मन मला खात नव्हतं का? पण मी गेलो असतो तर कारखाना बसला असता. तुमच्या घरात तुझा पगार तरी होता.

धाकटी : पगार! रोज मला सोडायला येतात आणि गेटकडे पाठ करून उभे राहतात. ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता ओलांडतात. तू बघतोस वरून खिडकीतून. मला माहीत आहे, बघतोस.

दादा : बरं बाई, चुकलं. आता असं करू. नव्या पेनड्राइव्हची पेटी आलीये. तेच लावू, वेग आला म्हणू. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तुझ्या नवऱ्याला दुसरीकडे चिकटवतो, शब्द देतो.

धाकटी : पेटी मी फोडलेलीच नाही. भागीदारांना वर बोलावलंय, चाचणी बघायला. येतीलच.

दादा : अगं, एका आईची लेकरं आपण! काय सांगणार आहेस त्यांना?

धाकटी : मी कशाला? त्यांनी विचारलं की तूच सांग. सिंक काढलंय. आता सलग लिहील, शेवटी एकदाच खात्री करील, मग हिरवा दिवा लागेल. तोवर उपटायचा नाही. दाब बटण.

दादा : दाबलं. पण आज संध्याकाळपर्यंत तरी थांब गं, मी स्वतः त्यांना... अरे! लागला की दिवा. एवढ्यात?

धाकटी : हो. ह्यांनीच आणलेला पेनड्राइव्ह आहे.